गाय गाभण आहे की नुसतीच खातेय? छोट्या गोठ्यात माज आणि गाभण ओळखायची पद्धत



दुग्धव्यवसायावर व्हिडिओ टाकला की पहिले प्रश्न ठरलेले असतात. "सर, एचएफ घेऊ की जर्सी?" "सर, पाच गायींच्या शेडला किती खर्च येईल?" "सर, कर्ज मिळेल का?" प्रश्न बरोबर आहेत. पण "सर, गाय माजावर आली हे ओळखायचं कसं आणि गाभण राहिली याची खात्री कधी करायची?" असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आणि मी पाहिलेले जे छोटे गोठे बंद पडले, त्यातले बरेचसे नेमके इथेच अडकले होते. चारा होता, शेड होती, डेअरी जवळ होती. फक्त गायी वेळेवर व्यायल्या नाहीत.

म्हणून आजचा लेख निवांत वाचा. घरात गोठ्याचं काम जे कोणी करतं, त्यांनाही वाचून दाखवा. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

आटवलेली गाय रिकामी निघाली

मार्च महिन्यातली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरुणाने मला गोठा बघायला बोलावलं. पाच संकरित गायी, त्यातल्या तीन दुधावर. दोन गाभण म्हणून बाजूला बांधलेल्या. गोठा स्वच्छ, मुरघास केलेला, दुधाची वही अगदी नीटनेटकी. सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, सगळं लिहिलेलं. मला वाटलं, हा मुलगा पुढे जाणार.

मी विचारलं, "या दोन गाभण गायींची तपासणी कधी केली?"

तो म्हणाला, "तपासणी कशाला सर? भरवल्यापासून पुन्हा माजावर आल्याच नाहीत."

त्यातली एक गाय आठ महिन्यांपूर्वी भरवलेली. म्हणजे महिनाभरात व्यायला हवी. महिन्याभरापूर्वी ती पाच लिटर दूध देत होती, तरी "आता सातवा लागला" म्हणून त्याने ती पद्धतशीर आटवली होती. पण कास भरेना. मी म्हटलं, आजच डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर आले, हात घालून तपासलं आणि म्हणाले, "रिकामी आहे." दुसरी गाय पाच महिन्यांपूर्वी भरवलेली. तीही रिकामी.

त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. कर्जाचा हप्ता चालू होता आणि पुढच्या महिन्यात एक गाय, चार महिन्यांनी दुसरी गाय व्याणार या हिशोबावरच पुढचं सगळं बसवलेलं होतं.

खरी गोष्ट त्यानंतरची. दारात बसलेली त्याची आजी म्हणाली, "मी तवाच सांगणार व्हते. आखाडी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी हिला भरवली. मग पंचमीच्या आदल्या राती रातभर हंबरत व्हती की. मला वाटलं पावसानं असंल."

आता मोजा. आषाढ शुद्ध द्वादशी ते श्रावण शुद्ध चतुर्थी. बावीस दिवस! गाय बरोबर वेळेवर पुन्हा माजावर आली होती. तिने सांगितलं होतं, आजीने ऐकलं होतं. पण आजीला रेतनाच्या तारखेचं गणित माहीत नव्हतं आणि ज्याला गणित माहीत होतं तो रात्री घरात झोपला होता. कुणी लिहिलं नाही, कुणी विचारलं नाही. त्या एका रात्रीची किंमत आठ महिने.

मित्रांनो, छोट्या गोठ्यात माज बघणारा एक, तारीख लक्षात ठेवणारा दुसरा आणि डॉक्टरांना फोन करणारा तिसरा असतो. ही साखळी जोडणं म्हणजेच गोठ्याचं व्यवस्थापन. त्याला महागडं यंत्र लागत नाही. पण शिस्त लागते.

आधी पैशाचा हिशोब

आकडे माझे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका. दूध न देणाऱ्या गायीला हिरवा चारा, कडबा, थोडी पेंड धरून रोजचा खर्च १३० रुपये समजू.

गाय भरवल्यावर ६० दिवसांनी तपासली असती, तर ती रिकामी आहे हे तेव्हाच कळलं असतं. कळलं २४० दिवसांनी. म्हणजे १८० दिवस उशीर. १८० गुणिले १३० म्हणजे २३,४०० रुपये नुसत्या खाण्याचे. हे नुकसान कुठल्याच वहीत दिसत नाही, कारण ते हळूहळू होतं.

आता पुढचं बघा. आज ही गाय माजावर आली आणि पहिल्याच रेतनात गाभण राहिली असं धरलं, तरी व्यायला २८० दिवस. ती तर आटवून टाकलेली. म्हणजे दूध शून्य आणि खाणं २८० गुणिले १३०, म्हणजे ३६,४०० रुपये. हे पैसे कुठून आणायचे? विकायला काढली तर भाकड आणि रिकाम्या गायीला गिऱ्हाईक नाही. हीच गाय सात महिन्यांची गाभण असती, तर व्यापारी दारात आला असता.

एक माज चुकला की २१ दिवस गेले. दोन चुकले की दीड महिना गेला. आपण दुधाच्या दरासाठी एका रुपयाला भांडतो, आणि इथे महिनेच्या महिने सोडून देतो.

२१ दिवसांचं घड्याळ

गाय असो वा म्हैस, गाभण नसेल तर साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. एखादी १८ दिवसांनी, एखादी २४ दिवसांनी. एकदा माजावर आलेल्या जनावराची पुढची तारीख आपल्याला आधीच माहीत असते. एसटीचं वेळापत्रक माहीत असताना स्टँडवर न जाणं, ही चूक आपली.

व्यायल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. बहुतेक गायी दीड महिन्याच्या आत-बाहेर पहिला माज दाखवतात. तो भरवायचा नाही, पण लिहायचा मात्र नक्की. वार वेळेवर पडली असेल, गर्भाशय निरोगी असेल, तर ६० दिवसांनंतरच्या माजाला रेतन करायचं. तीन महिन्यांच्या आसपास गाय गाभण राहिली, तर दोन वेतांतलं अंतर १२ ते १३ महिने राहतं. साठ दिवस उलटूनही माजच दिसला नाही, तर वाट बघत बसू नका. तपासणी करून घ्या.

माजाचा कालावधी मात्र छोटा असतो. संकरित गायीत साधारण १२ ते २४ तास. देशी गायीत तो याहून कमी आणि सौम्यही असू शकतो. म्हणजे २१ दिवसांत एक दिवस, आणि त्यातलेही बरेच तास रात्रीचे.

माज ओळखायचा कसा

सर्वात खात्रीची खूण एकच. दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय शांत उभी राहते, पुढे पळत नाही. हा पक्का माज. लक्षात घ्या, चढणारी गाय माजावर असेलच असं नाही. चढू देणारी असते. नवीन माणूस इथेच चुकतो आणि भलतीच गाय भरवतो.

बाकीच्या खुणा मिळून विचारात घ्यायच्या:

- योनीतून स्वच्छ, काचेसारखा पारदर्शक, तार धरणारा बळस येतो. काही भागात याला सोट म्हणतात. शेपटीला, मांडीला चिकटून वाळलेला दिसतो.
- योनीमार्ग सुजल्यासारखा, आतून लालसर आणि ओलसर.
- सारखं हंबरणं, अस्वस्थपणा, दावं ओढणं, कान टवकारून बघणं.
- थोडी थोडी लघवी वारंवार करणं.
- चारा कमी, रवंथ कमी, त्या दिवशी दूध अचानक घटलेलं.
- दुसऱ्या गायीचा मागचा भाग हुंगणं, चाटणं, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवणं.
- पाठीच्या शेवटी, माकडहाडाजवळचे केस विस्कटलेले किंवा शेण-चिखल लागलेला. म्हणजे रात्री कुणीतरी चढलं होतं.

बळस नीट बघायची सवय लावा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ असेल तर छान. पांढरट, पिवळसर, पुवासारखे कण असलेला, वास येणारा असेल तर गर्भाशयात संसर्ग असू शकतो. अशा वेळी रेतन करू नका, आधी उपचार. नाहीतर कांडीही वाया आणि महिनाही वाया.

आणखी एक खूण. माज संपल्यावर एक-दोन दिवसांनी काही गायींच्या, विशेषतः कालवडींच्या बळसात रक्त दिसतं. लोक घाबरतात, किंवा "रक्त टाकलं, म्हणजे गाभ राहिला नाही" म्हणतात. दोन्ही चूक. रक्त दिसलं याचा अर्थ एवढाच की माज होऊन गेला. भरवली असेल तर गाभण आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. भरवली नसेल, तर तारीख लिहा. पुढचा माज साधारण १८ ते २० दिवसांनी येणार.

म्हशीवाल्यांनो, तुमचं काम जास्त अवघड

म्हैस गाजावाजा करत नाही. एकमेकींवर चढणं फारसं दिसत नाही. बळस कमी असतो आणि तो उभ्या म्हशीपेक्षा बसलेली असताना जास्त दिसतो. म्हणून सकाळी म्हैस उठली की तिच्या बसलेल्या जागेवर नजर टाका. जमीन चिकट-ओली दिसते का बघा. याशिवाय वारंवार थोडी लघवी, रेकणं, पान्हा चोरणं, धार काढताना अंग चोरणं, या छोट्या खुणा. यालाच आपण मुका माज म्हणतो. माज असतो, पण बोलत नाही.

म्हशीचा माज बऱ्याचदा रात्री उशिरा किंवा पहाटे दिसतो. उन्हाळ्यात तर आणखी दबतो. पावसाळा संपल्यापासून थंडीभर म्हशी जास्त प्रमाणात माजावर येतात, तेव्हा डोळ्यात तेल घालून बघा. उन्हाळ्यात सावली, दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी, जमलं तर डुंबायला जागा आणि हिरवा चारा दिलात, तर फरक पडतो.

कधी बघायचं, कुणी बघायचं

"मी तर दिवसभर गोठ्यातच असतो" हे उत्तर मला पटत नाही. धार काढताना आपलं लक्ष बादलीत असतं, चारा टाकताना गायीचं लक्ष गव्हाणीत असतं. माज बघायचा तर त्यासाठीच उभं राहावं लागतं. पहाटे धारेच्या आधी, संध्याकाळी धारेनंतर, आणि रात्री जेवण झाल्यावर दहाच्या सुमाराला. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं. मोबाईल खिशात.

गायी कायम दाव्याला असतील तर अर्ध्या खुणा तुम्हाला दिसणारच नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळ्या वाड्यात सोडा. मुक्त संचार गोठा असेल तर उत्तम. जमीन गुळगुळीत काँक्रीटची असेल तर गायी घसरायच्या भीतीने चढत नाहीत. मातीच्या जागेत सोडा. पायाने लंगडणारी गायही माज कमी दाखवते.

एक स्वस्तातली युक्ती: शेपटीच्या मुळाजवळ, माकडहाडावर जाड खडूने किंवा जनावरांसाठीच्या रंगाने पट्टा ओढा. सकाळी पट्टा पुसलेला दिसला, तर रात्री कुणीतरी त्या गायीवर चढलं होतं. मोठ्या गोठ्यात गळ्यातले किंवा पायातले हालचाल मोजणारे पट्टे वापरतात. चांगले आहेत, पण पाच जनावरांना खडू पुरतो.

आणि कुणी बघायचं? जो खरोखर गोठ्यात असतो त्याने. आपल्याकडे बहुतेक घरांत ते काम आई, बायको, वहिनी, आजी करतात. पण प्रशिक्षणाला जातो मुलगा, डॉक्टरांचा नंबर मुलाच्या फोनमध्ये, तारीख मुलाच्या डोक्यात. हे बदला. डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर लिहा. घरातल्या बाईला फोन करायचा अधिकार द्या. "विचारून सांगते" म्हणेपर्यंत माज निघून जातो.

रेतनाची वेळ

सोपा नियम: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण गायीचं स्त्रीबीज माज संपल्यानंतर साधारण १० ते १४ तासांनी सुटतं आणि ते थोडेच तास टिकतं. रेतमात्रा त्याच्या थोडी आधी तिथे पोचलेली हवी. फार लवकर केलं तरी वाया, फार उशिरा केलं तरी वाया.

फक्त एक सावधगिरी. माज "दिसला" आणि माज "सुरू झाला" यात फरक आहे. सकाळी बघता तेव्हा शेपटीला बळस वाळलेला असेल, पाठीवरचा पट्टा पुसलेला असेल, तर माज रात्रीच सुरू झालाय. हे सगळं फोनवर सांगा. "गाय माजावर आलीय" एवढंच सांगू नका, "रात्री दहाला हंबरत होती, पहाटे उभी राहिली" असं सांगा. रेतन करणाऱ्याला वेळ ठरवता येते. चोवीस तासांनंतरही माज चालूच असेल तर पुन्हा फोन करा, दुसरं रेतन लागू शकतं.

रेतनाच्या वेळी जवळ उभे राहा. कांडी द्रव नत्रातून, म्हणजे उणे १९६ अंश तापमानातून निघते. ती सुमारे ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून लगेच वापरायची असते. हातावर चोळून किंवा खिशात धरून नव्हे. कांडीवर वळूचा क्रमांक असतो. तो लिहून घ्या, रिकामी कांडी वहीला चिकटवून ठेवली तरी चालेल. गाय भरवल्यावर तिला मारू-पळवू नका, उन्हात बांधू नका.

आपल्या महाराष्ट्रात ही सेवा दारात यायला सुरुवात कशी झाली हेही माहीत असू द्या. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ संस्था उभी केली आणि शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतन पोचवण्याचं मोठं काम केलं. आज सरकारी दवाखाना, दूध संघ, खासगी डॉक्टर असे कितीतरी पर्याय आहेत. सेवा दारापर्यंत आली. पण माज बघायला कुणी दारात येत नाही. तो आपल्यालाच बघायचा आहे.

भरवली, आता पुढे काय?

इथे सगळ्यात मोठी चूक होते. "पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे गाभण." हा अंदाज आहे, खात्री नाही. गाय पुन्हा माजावर न दिसण्याची कारणं बघा:

- ती खरंच गाभण आहे.
- ती माजावर आली, पण आपण बघितलं नाही. सोलापूरच्या त्या पहिल्या गायीचं हेच.
- माज मुका होता.
- गर्भाशयात संसर्ग किंवा बीजांडात दोष आहे, म्हणून चक्रच थांबलं.
- खाणं आणि खनिजं कमी पडून माज बंद झाला.
- गर्भ राहिला होता, पण सुरुवातीलाच मेला.

सहा कारणं, आणि आपण फक्त पहिलं धरून चालतो! उलट बाजूही आहे. एखादी गाभण गायसुद्धा माजासारखी लक्षणं दाखवते. म्हणून आधी भरवलेली गाय पुन्हा माजावर दिसली, तर रेतन करणाऱ्याला आधीची तारीख सांगा. गाभण गायीत पुन्हा रेतन झालं तर गर्भपात होऊ शकतो.

खात्री करायची पद्धत अशी. १८ ते २४ दिवसांत डोळ्यांनी लक्ष ठेवायचं, पुन्हा ४२ दिवसांच्या आसपास. माज नाही दिसला तर ६० ते ७० दिवसांदरम्यान पशुवैद्यकाकडून हात घालून तपासणी. अनुभवी हाताला त्या वेळी गाभ नीट कळतो. सोनोग्राफीची सोय असेल तर ३० दिवसांच्या आसपासच कळतं. पण सुरुवातीच्या काळात काही गर्भ टिकत नाहीत, म्हणून लवकर सोनोग्राफी केली तरी तिसऱ्या महिन्यात पुन्हा एकदा बघून घ्या. नवशिक्याच्या हातात जनावर देऊ नका, चुकीच्या हाताळणीने गर्भाला इजा होते.

पोट दिसणं, अंगावर तेज येणं, दूध घटणं, गाय शांत होणं, या गाभणपणाच्या खुणा म्हणून ठीक. पण दूध वेत लांबलं तरी घटतं आणि पोट वाळक्या चाऱ्यानेही दिसतं. उजव्या कुशीत वासराची हालचाल जाणवायला सहा-सात महिने जावे लागतात. तोपर्यंत थांबणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं.

भिंतीवरचं कॅलेंडर

आता कामाची गोष्ट. गोठ्यात एक मोठं कॅलेंडर लावा, दोरीला पेन बांधा. समजा, तुमची "गौरी" गाय १० जूनला भरवली. त्याच दिवशी पुढच्या सगळ्या तारखा लिहून टाकायच्या:

- १० जून: रेतन, वळूचा क्रमांक
- २८ जून ते ४ जुलै: माज परत येतो का बघणे
- २२ जुलै आणि आसपास: पुन्हा बघणे
- ९ ऑगस्टनंतर: डॉक्टरांची तपासणी
- १६ जानेवारी: गाय आटवणे
- १७ मार्च: विण्याची अंदाजे तारीख

गायीचे नऊ महिने नऊ दिवस आपण म्हणतो, ते साधारण २८० दिवस. म्हशीचे दहा महिने दहा दिवस, साधारण ३१० दिवस. म्हणजे हीच तारीख म्हशीची असती तर १६ एप्रिल. चार-आठ दिवस मागेपुढे चालतं. विण्याच्या दोन महिने आधी आटवायचं, पण "तपासणी झाली, गाभण आहे" असं लिहिलेलं नसेल तर आटवायचं नाही. हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचा बारा अंकी क्रमांकही वहीत ठेवा. सरकारी नोंद, विमा, विक्री, सगळीकडे तो लागतो. आणि तारखांची वही असलेली गाभण गाय विकताना दोन पैसे जास्त मिळतात, कारण घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

तुमचे नेहमीचे प्रश्न

"सर, माजावर आणायचं इंजेक्शन देऊ का?" आधी तपासणी, मग इंजेक्शन. यातली काही औषधं गाभण गायीला दिली तर ती गाभडते. दुकानातून आणून स्वतः टोचायचा प्रकार तर अजिबात नको.

"सर, तीनदा भरवली, तरी उलटते." तीन वेळा भरवूनही गाभ राहत नसेल, तर चौथी कांडी हा उपाय नाही. रेतनाची वेळ चुकतेय का, बळस स्वच्छ आहे का, खनिज मिश्रण रोज देता का, जंताचं औषध कधी दिलं, हे बघा आणि गर्भाशयाची तपासणी करून घ्या.

"सर, कालवड कधी भरवायची?" वयापेक्षा वजन बघा. संकरित कालवड जातीनुसार अडीचशे किलोच्या आसपास झाली की भरवता येते. चांगलं खाऊ घातलं तर हे वजन दीड वर्षाच्या आसपास येतं. हाडकुळी कालवड पहिल्या माजाला भरवून तिचं आयुष्यभराचं दूध कमी करू नका.

"सर, गावात डॉक्टर नाहीत." फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. आणि चार-पाच गोठेवाले मिळून महिन्यातला एक दिवस ठरवा. सगळ्यांच्या गायी एकाच दिवशी तपासल्या तर डॉक्टरही आनंदाने येतात आणि खर्चही वाटला जातो.

त्या दोन गायींचं काय झालं?

सोलापूरची आठ महिन्यांवाली गाय डॉक्टरांनी निरोगी सांगितली. अकरा दिवसांनी ती माजावर आली. या वेळी रात्रीच आजीने नातवाला उठवलं. सकाळी फोन, योग्य वेळी रेतन, सत्तराव्या दिवशी तपासणी. गाभण निघाली. पुढचे महिने त्या मुलाने उरलेल्या तीन गायींच्या दुधावर कसे काढले, ते त्यालाच माहीत. पण गाय व्याली, कालवड झाली.

दुसरीच्या गर्भाशयात संसर्ग होता. उपचार केले, तीनदा भरवली, राहिली नाही. शेवटी तोट्यात गेली. पाच महिने आधी कळलं असतं तर कदाचित वाचली असती. हेही सांगतो, कारण या धंद्यात प्रत्येक गोष्ट गोड होत नाही.

त्याच्या गोठ्यात आता दुधाच्या वहीच्या शेजारी कॅलेंडर आहे. आजीला लिहिता येत नाही. ती माज दिसला की त्या तारखेवर कुंकवाचं बोट लावते. नातू सकाळी बघतो आणि गायीचं नाव लिहितो. एवढीच व्यवस्था.

आजचं काम

लेख वाचून झाला की गोठ्यात जा आणि प्रत्येक जनावराबद्दल तीन प्रश्न विचारा. शेवटचं व्याली कधी? शेवटचा माज कधी? भरवली असेल तर तपासली का? ज्या गायीच्या नावापुढे उत्तर "बहुतेक" असं येईल, तिच्यासाठी उद्या डॉक्टरांना फोन करा. आणि घरात विचारा, "रात्री कुणी हंबरत होतं का?" उत्तर घरातच असतं, आपण विचारत नाही.

तुमच्या गोठ्यात "बहुतेक" वाल्या किती निघाल्या, ते खाली कमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या वेळी बोलू आटवलेल्या गायीच्या खाण्याबद्दल. तोपर्यंत कॅलेंडर लावा.